गावातला गुगल टीव्ही : पाडव्यापासून तुरीच्या सोंगणीपर्यंतचा ॲपचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी मार्च २०२५ मध्ये, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, ४३ इंची गुगल टीव्ही, म्हणजे गुगलची प्रणाली असलेला टीव्ही, घरी आला आणि आता तुरीची सोंगणी आटोपत आली आहे. मधल्या काळात त्यावर ॲप टाकणे, काढणे, पुन्हा टाकणे आणि शाळेत शिकवत असल्यामुळे ‘गुरुजींना येते’ या समजुतीवर शेजाऱ्यांच्या टीव्हीवरही टाकून देणे, हे सगळे झाले. टीव्हीच्या चित्राबद्दल आणि आवाजाबद्दल दुकानात पुष्कळ सांगितले जाते. ॲपचा विषय निघाला की ‘सगळे चालते’ एवढ्यावर बोळवण होते. खेड्यातल्या ग्राहकाची अडचण नेमकी तिथून सुरू होते, म्हणून हा अनुभव ॲपपुरताच लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो : टीव्ही घेताना इंच मोजण्याआधी त्यात कोणते ॲप स्टोअर आहे ते पाहावे आणि ॲप टाकण्याआधी आपला प्लॅन टीव्हीवर चालतो की केवळ फोनवर, ते पाहावे. (किमतीबद्दल एवढेच की, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, पाडव्याला घेणाऱ्यांनी हा विषय काढू नये हेच बरे.)

सुरुवातीला टीव्ही गुगल खाते मागतो. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर वेचून पासवर्ड भरण्यापेक्षा पडद्यावर येणारा क्यूआर कोड फोनने स्कॅन करावा, म्हणजे खाते फोनवरूनच जोडले जाते. घरच्या टीव्हीसाठी वेगळे जीमेल खाते काढावे असे मी सुचवीन, कारण ज्याचे खाते टीव्हीत असेल त्याच्या यूट्यूबच्या आवडीनिवडी सगळ्या घरासमोर, आणि पाहुणे आले असतील तर पाहुण्यांसमोरही, मांडल्या जातात. तेच खाते आपल्या फोनमध्येही जोडून ठेवले की पुढचे काम फार सोपे होते. फोनच्या प्ले स्टोअरमध्ये हव्या त्या ॲपचे पान उघडल्यावर इतर उपकरणांवर इन्स्टॉल करण्याचा पर्याय दिसतो. तिथे टीव्हीच्या नावापुढे खूण केली की ॲप टीव्हीत आपोआप उतरते. शिवाय फोनवरच्या गुगल टीव्ही ॲपमध्ये रिमोट आणि कीबोर्ड दोन्ही मिळतात, मात्र त्यासाठी फोन आणि टीव्ही सहसा एकाच वायफायवर असावे लागतात. रिमोटचे सेल रात्री संपले आणि दुकान बंद असले, तरी या सोयीमुळे आमचे काम अडले नाही.

ॲप उतरल्यावर लॉगिनचा टप्पा येतो आणि गावात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. टीव्ही पडद्यावर एक कोड दाखवतो, तो फोनवरून ठरावीक पत्त्यावर भरायचा असतो किंवा क्यूआर स्कॅन करायचा असतो. या ॲक्टिव्हेशनचे वेगळे पैसे कोणतेही ॲप घेत नाही. तरीही आमच्या एका शेजाऱ्याने त्या ॲपचा ‘कस्टमर केअर’ नंबर इंटरनेटवर शोधला, मिळालेल्या नंबरावर फोन लावला आणि पलीकडच्या माणसाने गोड बोलून ‘टीव्ही ॲक्टिव्हेशन चार्ज’ मागितला, वर फोनमध्ये एक ॲप टाकून स्क्रीन दाखवायला सांगितले. सुदैवाने त्याच वेळी त्यांचा मुलगा कॉलेजातून घरी पोचला आणि त्याने फोन कापला. नंबर शोधायचाच असेल तर तो ॲपच्या आतल्या मदतीच्या पानावर पाहावा, आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

प्लॅनच्या बाबतीत लोकांची समजूत अशी असते की, रिचार्जसोबत ॲप ‘फ्री’ मिळाले म्हणजे ते टीव्हीवरही लागणार. पुष्कळदा ते सदस्यत्व केवळ मोबाइलसाठी असते. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅन फोन आणि टॅब्लेटपुरता आहे. टीव्हीवर पाहण्यासाठी किमान १९९ रुपयांचा प्लॅन घ्यावा लागतो आणि त्यात चित्र ७२० पी पर्यंतच, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी स्पष्ट मिळते. जिओसिनेमा आणि डिझ्नी प्लस हॉटस्टार एकत्र येऊन १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार झाले, त्यातही मोबाइलचा प्लॅन वेगळा आणि टीव्हीचा वेगळा आहे. प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२५ पासून भारतात पाच उपकरणांची आणि त्यांत दोन टीव्हींची मर्यादा घातली आहे, त्यामुळे नागपूरच्या भाच्याचा पासवर्ड घेऊन गावातल्या तीन घरी प्राइम पाहण्याचे दिवस संपले. जून २०२५ पासून तिथे जाहिरातीही आल्या. आमच्या घरात मालिकांसाठी झी फाइव्ह आणि जिओहॉटस्टार ही दोनच ॲप खरोखर वापरली जातात. बाकीची पाहुण्यांना दाखवण्यापुरती आहेत.

टीव्हीच्या मेमरीबद्दल खोक्यावर ८ जीबी लिहिलेले असते, पण निम्म्याहून अधिक जागा टीव्हीच्या स्वतःच्या प्रणालीला लागते. उरलेल्या जागेत सात-आठ ॲप आणि त्यांचे अपडेट बसवले की टीव्ही मंद होऊ लागतो, रिमोटचे बटण दाबल्यावर थोड्या वेळाने बाण हलतो, आणि मग घरातला प्रत्येक जण ते बटण पुन्हा पुन्हा दाबून गोंधळ वाढवतो. कंपनीने आधीच भरलेली काही ॲप पूर्णपणे काढता येत नाहीत. ती सेटिंगमध्ये जाऊन निष्क्रिय करता येतात आणि त्यांचे अपडेट काढून थोडी जागा मोकळी होते. कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती, साफ केल्याने लॉगिन जात नाही, डेटा साफ केला की जाते, हा फरक लक्षात ठेवावा. पैसे भरून घेतलेले एक ॲप पावसाळ्यात मधूनच बंद पडत होते. कॅशे साफ करून काही उपयोग झाला नाही, ते काढून पुन्हा टाकल्यावर सुरळीत झाले.

इंटरनेटचा हिशेब सुरुवातीलाच मांडून ठेवावा. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, म्हणजे रोजच्या २ जीबीच्या रिचार्जवर हॉटस्पॉट लावून बसले तर अर्धा सिनेमा होण्याआधीच कोटा संपतो आणि त्यानंतरच्या ६४ केबीपीएसच्या वेगात टीव्हीवर गोल फिरणाऱ्या चक्राखेरीज काही दिसत नाही. फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-के साठी १५ एमबीपीएस वेग पुरतो, असे तीच कंपनी सांगते. तालुक्याच्या केबलवाल्याने गावात फायबर आणल्यावर आम्ही ३० एमबीपीएसची जोडणी घेतली आणि एका टीव्हीला, दोन फोनला ती व्यवस्थित पुरते. याहून मोठ्या वेगाचा आग्रह धरण्याची गरज खेड्यातल्या एका घराला नाही. राउटर मात्र टीव्हीच्याच खोलीत असावा. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायफायचा वेगवान ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल नीट पार होत नाही आणि बरेच स्वस्त टीव्ही तो पकडतही नाहीत.

आता विजेबद्दल, कारण शहरातल्या लोकांनी लिहिलेल्या अनुभवांत ही गोष्ट सहसा नसते. आमच्याकडे लाइन कधी जाईल आणि आल्यावर किती व्होल्टेजने येईल याचा नेम नाही. टीव्हीला स्टॅबिलायझर लावला, तो कोणीही लावतो; पण फायबरचा डबा आणि राउटर या दोघांसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतल्यानंतर खरा फरक पडला, कारण इन्व्हर्टरवर टीव्ही सुरू राहिला तरी राउटर बंद पडला की ॲप बसलेच. ज्यांच्याकडे असा यूपीएस नाही त्यांना एक विचित्र अडचण अशी येते की, लाइन परत आल्यावर वायफाय जोडलेले दिसते, सिग्नलच्या रेघा पूर्ण असतात, आणि तरीही एकही ॲप उघडत नाही, प्रत्येक ॲप ‘इंटरनेट नाही’ म्हणते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. टीव्ही राउटरच्या आधी सुरू झालेला असतो, त्याला नेटवरून वेळ मिळालेली नसते आणि तो कुठल्या तरी जुन्याच तारखेवर अडकून बसलेला असतो. ॲप आणि त्याचा सर्व्हर यांच्यातले सुरक्षा प्रमाणपत्र तारखेवरून तपासले जाते. तारीखच चुकीची असल्यामुळे जोडणी नाकारली जाते. सेटिंगमध्ये सिस्टिम, त्यात तारीख आणि वेळ, तिथे नेटवर्कवरून वेळ घेण्याचा पर्याय एकदा बंद करून पुन्हा सुरू केला की घड्याळ जागेवर येते आणि ॲपही. गावातल्या निम्म्या ‘टीव्ही बिघडला’ या तक्रारी मी केवळ एवढ्यावर मिटवल्या आहेत, आणि मेकॅनिकला बोलावण्याआधी प्रत्येकाने हे करून पाहावे.

शेजारच्या भाऊंचा टीव्ही मात्र एवढ्याने सुटण्यासारखा नव्हता. त्यांनी बिननावाच्या कंपनीचा, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘स्मार्ट ॲन्ड्रॉइड’ लिहिलेला ३२ इंची टीव्ही स्वस्तात घेतला. दुकानात त्यांना यूट्यूब लावून दाखवले होते आणि ते उत्तम चाललेही होते. घरी आणल्यावर त्यात प्ले स्टोअरच नाही, त्याऐवजी भलतेच एक स्टोअर आहे, हे उघड झाले. ‘गुरुजी, डब्यावर तं ॲन्ड्रॉइड लिवलं हाये, मंग हे कावून नाही दाखवून राहिलं?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. ॲन्ड्रॉइडची मूळ प्रणाली कोणीही फुकट घेऊन टीव्हीत भरू शकतो. पण गुगलची मान्यता घेतलेला ॲन्ड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही ही वेगळी गोष्ट आहे आणि प्ले स्टोअर त्यालाच मिळते. भाऊंच्या टीव्हीत पेन ड्राइव्हवरून ॲपच्या फाइली टाकून पाहिल्या, तर ती फोनसाठी बनवलेली ॲप निघाली : रिमोटच्या बाणांना ती दाद देत नव्हती, माउस जोडावा लागला, आणि मालिका लागली तेव्हा चित्र धुरकट होते. त्याचेही कारण आहे. पैसे देऊन पाहायच्या चित्रफिती गुगलच्या वाइडवाइन या कुलुपातून येतात, त्याचा एल-१ दर्जा टीव्हीत असेल तरच एचडी मिळते. एल-३ असेल तर बहुतेक ॲप ४८० पी च्या आसपासच थांबवतात. पडदा एचडीचा असूनही चित्र जुन्या डब्यासारखे दिसते ते यामुळे. शिवाय अशा फाइली कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवणे धोक्याचे आहे, त्यामुळे तो उद्योग आम्ही तिथेच थांबवला. शेवटी त्यांनी टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लावायची फायर टीव्ही स्टिक घेतली आणि त्याच पडद्यावर सगळी ॲप स्वच्छ दिसू लागली. ज्यांचा टीव्ही जुना पण पडदा चांगला आहे त्यांनी नवा टीव्ही घेण्याआधी हा मार्ग जरूर पाहावा. आणि नवा घेणार असाल तर दुकानात यूट्यूबवर समाधान मानू नये; आपल्याला हव्या त्या दोन ॲपची नावे सांगून ती त्या टीव्हीच्या स्टोअरमध्ये आपल्यासमोर शोधून दाखवायला सांगावीत. सॅमसंगचे टायझेन आणि एलजीचे वेबओएस या त्या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रणाली, त्यांची स्टोअर वेगळी असतात, त्यांनाही हीच परीक्षा लागू आहे. मोठ्या कंपनीचा टीव्ही म्हणजे ॲप कायमचे, असेही धरून चालू नये. २०१०-११ च्या काही जुन्या टीव्हींवरून नेटफ्लिक्स डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाले होते.

आवाजाने शोधण्याच्या सोयीबद्दल संमिश्र मत आहे. आई रिमोट तोंडाजवळ धरून ‘गजानन महाराजाची आरती लाव’ म्हणते तेव्हा शोधपट्टीत बहुतेक वेळा बरोबर उमटते, कारण शेगावच्या महाराजांचे नाव यंत्राच्या ओळखीचे असावे. तीच मालिकेबद्दल वऱ्हाडीत दोन वाक्ये बोलली की काहीच्या काही उमटते आणि मग नातवाला हाक जाते. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा शाळेतल्या पोरांनी मात्र तो डाव यूट्यूबवर बोलूनच शोधला होता आणि पहिल्याच फटक्यात सापडला.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. ॲपवरचे थेट प्रक्षेपण डिशपेक्षा काही सेकंद मागे असते, कारण चित्राचे तुकडे करून ते आधी साठवून मग दाखवले जातात. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालला. आमच्याकडे गल्लीतल्या बायका-मुली ॲपवर सामना पाहत होत्या आणि समोरच्या घरी छत्रीवर, म्हणजे डिशवर, तोच सामना लागला होता. दक्षिण आफ्रिकेची विकेट पडली की समोरून आधी आरडाओरडा यायचा आणि आमच्या पडद्यावर गोलंदाज तेव्हा कुठे धावायला लागायची. एक काकू वैतागून म्हणाल्या, ‘बाप्पा, त्यायले म्हणा दार लावून घ्या!’ यावर ॲपमध्ये इलाज नाही.

त्यामुळेच डिशचा रिचार्ज मी अद्याप बंद केलेला नाही. नालीच्या खोदकामात जेसीबीने फायबरची तार तोडली की ती जोडायला तालुक्याहून माणूस येईपर्यंत छत्रीच कामी येते, आणि धो-धो पाऊस लागला की छत्री बंद पडून फायबर चालते. दोन्हींचा मिळून महिन्याचा खर्च वाढतो, तो ॲपच्या प्लॅनमध्ये वाचवता येतो : मालिकांचे एक ॲप वर्षभर, आणि क्रिकेटचे ॲप आयपीएलच्या तिमाहीपुरते. प्लॅन घेताना यूपीआयचा ऑटोपे, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापण्याची परवानगी, बहुतेक वेळा आपल्याकडून दिली जाते. टीव्हीतून ॲप काढून टाकले तरी तो बंद होत नाही आणि मुदत संपली की पैसे पुन्हा कापले जातात. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरले त्यातच ऑटोपेच्या यादीत जाऊन तो रद्द करता येतो, आणि प्लॅन घेतला त्याच दिवशी रद्द केला तरी भरलेल्या पैशांची मुदत सहसा पूर्ण वापरता येते.