बारावीनंतर बीए: ठाण्यातलं कॉलेज की मुक्त विद्यापीठ?

एकाच विषयात अडकायचं नसेल, तर ठाण्यातल्या मुलांपुढे दोन सरळ वाटा आहेत.

पहिली, मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्य विषयासोबत गौण विषय आणि दुसऱ्या शाखेतला खुला विषयही घेता येतो. म्हणजे अर्थशास्त्र शिकताना विज्ञान शाखेतला एखादा पेपर. कागदावर हे झकास दिसतं. प्रत्यक्षात कॉलेजकडे ज्या विषयाला शिक्षक आहे तोच मिळतो, म्हणून प्रवेशाआधी विषयांची यादी मागून घ्याच. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोननंतर पदविका, तीननंतर पदवी, चारनंतर ऑनर्स. मध्येच थांबलात तरी श्रेयांक (क्रेडिट) तुमच्या नावाच्या ऑनलाइन खात्यात, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, जमा राहतात. चार वर्षं केलीत तर पुढे एमए एका वर्षात होऊ शकतं.

दुसरी, इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं बीए. किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. रोजच्या हजेरीची कटकट नाही. पण स्वाध्याय (असाइनमेंट) वेळेवर देणं तुमच्यावर, आणि तिथेच बरेच जण घसरतात. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असल्यानं एमपीएससीला ही पदवी चालते.

वागळे इस्टेटमध्ये नोकरी करत शिकायचं असेल तर मी डोळे झाकून इग्नू म्हणेन. घरून खर्च निघत असेल तर कॉलेजच, कारण वाद घालायला वर्ग लागतो.