एका ‘बर्सर्क’पायी तीन कोश: व्युत्पत्तीच्या मोफत साधनांची पारख

नौपाड्यात घरी बसून कादंबरी मराठीत आणणारे असोत की ऐरोली-महापेच्या कचेऱ्यांत मालिकांची उपशीर्षकं लिहिणारे, ‘ही वेंट बर्सर्क’ हे वाक्य भाषांतरकाराला कधी ना कधी गाठतंच. बहुतेक जण ‘तो बेभान झाला’ लिहून मोकळे होतात. त्यात चूक नाही, पण शब्दाच्या पोटातलं जनावर नाहीसं होतं. ते शोधायला एक रुपयाही लागत नाही. एटिमऑनलाइन, क्लीझ्बी-विग्फुसन यांचा जुन्या आइसलँडिक भाषेचा कोश आणि आपला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, तिन्ही मोबाइलवर उघडतात.

सुरुवात एटिमऑनलाइनपासून करावी. डग्लस हार्पर यांनी उभं केलेलं हे इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचं संकेतस्थळ नोंदी आटोपशीर ठेवतं, त्यामुळे लोकलमध्ये उभ्यानं वाचायलाही सोयीचं. शब्द इंग्रजीत रुळवला तो वॉल्टर स्कॉटनं, १८२२ सालच्या ‘द पायरेट’ या कादंबरीतून, आणि त्याचं तेव्हाचं रूप ‘बर्सर्कर’ असं होतं. मूळ शब्द जुन्या नॉर्समधला, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतला, ‘बेरसेर्क्र’. त्यातला ‘सेर्क्र’ म्हणजे सदरा, अंगरखा. स्कॉटलंडच्या बोलीत तोच ‘सार्क’ झाला. ग्रिनिचला जतन करून ठेवलेल्या ‘कटी सार्क’ या १८६९च्या जहाजाच्या नावात तो आजही दिसतो.

नोंद वाचताना शेवटच्या ‘र’कडे लक्ष ठेवा. नॉर्समधला हा ‘र’ प्रथमेचा प्रत्यय आहे, संस्कृतातल्या ‘रामः’च्या विसर्गाचा सख्खा भाऊ. इंग्रजांना तो ‘फायटर’, ‘रायडर’मधल्या ‘अर’सारखा वाटला, आणि मग तो काढून टाकल्यावर ‘बर्सर्क’ हे विशेषण उरलं. एटिमऑनलाइनची उणीव एकच, उच्चार मिळत नाही. इंग्रजीत ‘झ’ आणि ‘स’ दोन्ही ऐकू येतात. देवनागरीत ‘बर्सर्क’ लिहावं, मुळाला तेच जवळचं.

खरा वाद ‘बेर’चा आहे, आणि त्यासाठी विग्फुसनला पर्याय नाही. ‘बेर’ म्हणजे उघडा की अस्वल? स्कॉटनं चिलखताशिवाय लढणारे असा अर्थ दिला होता. त्यामागे तेराव्या शतकातल्या स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडिक लेखकाचं वर्णन आहे: ओडिन या नॉर्स देवाची माणसं चिलखत न घालता जात, कुत्र्या-लांडग्यांसारखी पिसाळत, स्वतःच्या ढालींना चावत, अंगी अस्वलाचं किंवा बैलाचं बळ येई, आणि आग वा लोखंड त्यांना बाधत नसे. विग्फुसन मात्र ‘उघडा’ ही व्युत्पत्ती व्याकरणावर बोट ठेवून फेटाळतो आणि अस्वलाच्या कातड्याच्या बाजूनं कौल देतो. आजही पारडं तिकडेच झुकलेलं आहे. जोडीला ‘उल्फहेद्नार’ म्हणजे लांडग्याची कातडी पांघरणारे हा शब्द आहेच. कोशकार आपलं मत का बनवतो हे वाचकाला दाखवतो, ही या कोशाची मोठी जमेची बाजू.

वापरताना अडचण येते ती पानांच्या छायाचित्रांची. ती जड असतात, आणि पारसिकच्या बोगद्यात तर पान अर्धंच उमटून राहतं. टंकलिखित मजकुराची आवृत्ती निवडा आणि ‘बेर’ व ‘सेर्क्र’ यांमध्ये जोडरेघ देऊन शोधा, कारण मूळ नोंद तशी आहे. कोश १८७४चा आहे हेही ध्यानात असू द्या.

जाताजाता एक धोका. शोधयंत्रात हा शब्द टाकला की लाल टोपीच्या विषारी अळंबीची गोष्ट पहिल्या पानावर येते: ती खाऊन हे योद्धे चेकाळत म्हणे. हा तर्क १७८४ साली सॅम्युअल अ‍ॅडमन यानं मांडला. एकाही सागेत, म्हणजे जुन्या आइसलँडिक गद्यकथेत, अळंबीचा उल्लेख नाही. जिथे ही गोष्ट सिद्ध झाल्यासारखी सांगितली असेल, तिथला बाकीचा मजकूरही पारखूनच घ्यावा. डोळ्यांपुढे चित्र हवं असेल तर १८३१ साली स्कॉटलंडच्या लुइस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या बघा. बाराव्या शतकातल्या, वॉलरसच्या दातात कोरलेल्या. त्यातले हत्ती उभ्या शिपायांच्या रूपात कोरलेले आहेत, आणि काही डोळे वटारून ढालीची वरची कड दातांत धरून उभे आहेत. स्नोरीचं वाक्यच हातात धरल्यासारखं वाटतं.

आता मोल्सवर्थ. १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर आहे. इथे नवखे हमखास अडकतात ते अनुस्वारावर. त्या काळचं क्रियापद ‘चवताळणें’, ‘पिसाळणें’ असं छापलेलं आहे, म्हणून शोधतानाही अनुस्वार द्या. उलट दिशेनं यायचं असेल तर पूर्ण मजकुरात इंग्रजी ‘रेज’ किंवा ‘फ्युरी’ शोधा. एकेक शब्द समोर येत जातो.

निवड मात्र आपली आपणच करायची. ‘चवताळणे’ला डिवचणारा लागतो, येऊरचा बिबट्या घेरल्यावर चवताळतो. ‘पिसाळणे’त रोग आहे, त्यातून परत येणं नाही. बर्सर्कचा झटका ओसरतो आणि नंतर माणूस गळून जातो, असं सागा सांगतात. या अवस्थेचं नॉर्स नाव ‘बेरसेर्क्सगांग्र’, आणि ‘गांग्र’ म्हणजे जाणं, चालणं. आपल्याकडे ‘संचार’मधला धातू वेगळा, पण अर्थ तोच, चालण्याचा. अंगात संचार होतो, टिपेला पोहोचतो, उतरतो, आणि माणूस घामाघूम होऊन बसतो. म्हणून व्हायकिंगांच्या कथेत ‘त्याच्यात अस्वल संचारलं’ हे ‘बेभान झाला’पेक्षा कितीतरी जिवंत. दैवताचा वास नको असेल तिथे ‘चवताळला’ घ्या. यंत्र किंवा संगणक बर्सर्क झाला असेल तर सरळ ‘वाटेल तसा चालू लागला’ लिहा, तिथे अस्वलाची गरज नाही.

त्याच संकेतस्थळावर टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोशही आहे, त्यात ‘ऋक्ष’ जरूर पाहा. जर्मन कुळातल्या भाषांनी अस्वलाचं जुनं नाव टाकून दिलं आणि त्याला ‘तपकिरी’ म्हणायला सुरुवात केली, असा रूढ तर्क आहे. कोकणात रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात, तसंच काहीसं. ते टाकलेलं नाव संस्कृतात ‘ऋक्ष’ म्हणून राहिलं, आणि त्याच नोंदीत मराठीचा ‘रीस’ सापडतो.