एनईएसच्या खोक्यात रास्पबेरी पाय 4: आठ महिने वापरल्यानंतर

टीव्हीखाली आठ महिने रोज चालू असलेलं हे खोकं म्हणजे निन्टेन्डोचा पुढून कॅसेट सारायचा करडा गेम कन्सोल एनईएस, 1985 साली आलेलं मॉडेल. आत आता 4 जीबीचा रास्पबेरी पाय 4 (पुढे नुसता ‘पाय’), म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा अख्खा संगणक आहे. जुने गेम, सिनेमे आणि घरातल्या फाइली ठेवायची जागा, अशी तिन्ही कामं त्याच्याकडे आहेत.

आधी एक विनंती. चालता कन्सोल यासाठी फोडू नका. लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे मेला, असं ठरवून लोक आतडी काढून टाकतात. बहुतेक वेळा दोष असतो कॅसेट जिथे बसते त्या 72 पिनांच्या कनेक्टरचा. पिना सैल किंवा मळकट झाल्या की कॅसेट अस्सल आहे का ते तपासणाऱ्या, कन्सोलमधल्या लॉकआउट चिपला कॅसेटमधली चिप ओळखू येत नाही, आणि ती साधारण सेकंदाला एकदा मशीन रिसेट करत बसते. कनेक्टर साफ केला किंवा बदलला की गाडी पुन्हा सुरू. माझ्याकडच्या बोर्डाला मात्र ओल लागून तांब्याचे ट्रॅकच खाल्ले गेले होते, म्हणून हात घातला.

पाय 85 बाय 56 मिलिमीटरचा. खोकं 25 सेंटिमीटर रुंद, 20 सेंटिमीटर खोल. कागदावर बघून मी खूश झालो होतो. प्रत्यक्षात जागा भरपूर आणि एकही भोक जागेवर नाही, अशी गत झाली. एनईएसचा वीजपुरवठा मागून, व्हिडिओ आणि आवाजाचे जॅक उजव्या कुशीत. पायचं वीज घेणारं यूएसबी-सी आणि दोन्ही मायक्रो एचडीएमआय लांब कडेला, यूएसबी आणि नेटवर्क आखूड कडेला. बोर्ड कसाही फिरवा, एक बाजू खोक्याच्या पोटात तोंड करूनच बसते. शेवटी 3 मिलिमीटरच्या ॲक्रिलिकचा तुकडा मूळ बोर्डाच्या स्क्रूंवर बसवला, त्यावर एम 2.5 च्या खांबांवर पाय ठेवला आणि सगळं एक्स्टेन्शनने बाहेर काढलं. दिसणाऱ्या प्लास्टिकला कानस लावायची नाही, हा नियम मी फक्त एकदा मोडला. एचडीएमआयसाठी मागे केलेलं ते भोक वाकडं आहे, आणि मागे असल्यामुळे ते फक्त मलाच दिसतं.

या एक्स्टेन्शनांनीच पहिले दोन महिने खाल्ले. यूएसबी-सीची पॅनेलवर बसणारी वायर दिसायला सुबक होती, पण आतली तार केसासारखी. गेम सुरू केला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह यायचं. पायकडे पोचणारा दाब 4.63 व्होल्टच्या आसपास घसरला की ते येतं, आणि मग प्रोसेसरचा वेग खाली आणला जातो. मी आठवडाभर ॲडॉप्टरला शिव्या घालत होतो. ॲडॉप्टर 5.1 व्होल्ट, 3 ॲम्पिअरचा, अगदी निरोगी. जाड तारेची, वीतभर वायर स्वतः जोडली, तेव्हापासून ते चिन्ह दिसलेलं नाही. आणि हो, मूळ पॉवर जॅक शोभेला ठेवणार असाल तर आतून बुजवून टाका. त्याचा जुना ॲडॉप्टर 9 व्होल्ट एसी देतो. कधीतरी कोणीतरी हौसेने तो शोधून आणतोच.

मूळ बोर्डाभोवती पत्र्याचं कवच असतं. तोच पत्रा उष्णता ओढून घेईल, अशा समजुतीने मी तो आत ठेवला होता. उष्णतेला फरक पडला नाही, वायफाय मात्र मेलं. पायचा अँटेना बोर्डावरच आहे, त्यामुळे मी त्याला पत्र्याच्या डब्यात कोंडलं होतं. पत्रा काढल्यावरही रडगाणं थोडं उरलं, कारण शेजारीच यूएसबी 3 वर एसएसडी लावलेली आणि यूएसबी 3 चा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. 5 गिगाहर्ट्झवर गेल्यावर विषय संपला. एसएसडी काढायचा प्रश्नच नव्हता, तोवर घाईत प्लग उपटून, पाय ज्यावरून चालायचा ते एक मेमरी कार्ड मी बाद केलेलं होतं.

उष्णतेचा मार्ग मात्र खोक्यानेच दाखवला, आणि या सगळ्या उद्योगातला तो माझा सर्वांत आवडता भाग. एनईएसच्या बुडाशी एका झाकणाखाली 48 पिनांचा विस्तार-पोर्ट असतो. पुढेमागे काहीतरी जोडता यावं म्हणून ठेवलेला, आणि शेवटी त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. बोर्ड काढल्यावर तिथे आयतं चौकोनी भोक उरतं. त्यावर आतून 40 मिलिमीटरचा पंखा बसवला, खाली जाळीचा तुकडा लावला, आणि खोक्याच्या बुडाचे रबरी पाय जरा उंच केले. गार हवा बुडातून आत, गरम हवा मूळ फटींतून बाहेर. पंख्याशिवाय अर्ध्या तासाच्या खेळानंतर 82 अंश दिसायचे, आणि पाय 80 लाच वेग आवरायला लागतो. आता तेवढ्याच वेळाला 59-60 च्या पुढे जात नाही. पंखा थेट 5 व्होल्टवर कण्हतो, म्हणून ट्रान्झिस्टर घालून 60 अंशांवर सुरू होईल असं ठरवून दिलं. सिनेमा बघताना तो बहुधा झोपलेलाच असतो. दर सहा आठवड्यांनी जाळीवर धुळीची गादी जमते, ती ब्रशने काढावी लागते.

आता बटणं. खरं सांगायचं तर हा सगळा घाट बटणांसाठीच घातला होता. एनईएसचं पॉवर बटण दाबलं की खट् करून आत अडकतं, पुन्हा दाबलं की बाहेर येतं. पायला हवं असतं क्षणभर दाबून सोडलेलं बटण: जीपीआयओ 3 ही पिन जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला, टेकवली की बंद पडलेला पाय उठतो, आणि ओव्हरले (कॉन्फिग फाइलमधली त्यासाठीची तयार सोय) लावला असेल तर चालू असताना त्याच टेकवण्याने नीट बंद होतो. मी अडकणारं बटण तसंच जोडलं. पाय बंद व्हायचा, पिन जमिनीलाच टेकलेली असल्यामुळे लगेच पुन्हा उठायचा. घरात तीन दिवस हसं झालं. स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा बटणाच्या कुशीतली बारीक तारेची आकडी चिमट्याने ओढून काढली, अडकणं थांबलं. ती खट् मात्र गेली. ते शल्य अजून आहे.

लाल दिव्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. रेझिस्टरमधून तो सिरियलच्या टीएक्स (डेटा बाहेर पाठवणाऱ्या) पिनेवर लावला आणि कॉन्फिगमध्ये यूएआरटी, म्हणजे तोच सिरियल पोर्ट, सुरू ठेवला, की पाय चालू असताना दिवा लागतो आणि पूर्ण बंद झाल्यावरच विझतो. प्लग कधी काढायचा हे त्यामुळे घरात सगळ्यांना कळतं.

कंट्रोलरचे मूळ पोर्टही जिवंत केले. प्रत्येक कंट्रोलरच्या आत 4021 नावाची एक शिफ्ट रजिस्टर चिप असते. लॅचचा ठोका दिला की ती आठ बटणांची अवस्था पकडून ठेवते, आणि क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकेक बाहेर देते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. दाबलेलं बटण म्हणजे शून्य. कंट्रोलर 5 व्होल्टवर चालतो आणि पायच्या पिना 3.3 व्होल्टच्याच, म्हणून दोघांच्या मध्ये एक छोटा 5 व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर ठेवला. तो पायला साध्या यूएसबी गेमपॅडसारखा दिसतो. पहिल्या आवृत्तीत डेटाच्या तारेला पुल-अप (तारेला एरवी ‘एक’वर धरून ठेवणारा रेझिस्टर) द्यायला विसरलो. कंट्रोलर काढला की तार लोंबकळत राहायची, कुठलीही बटणं दाबल्यासारखी वाचली जायची आणि मेनू अंगात आल्यासारखा पळत सुटायचा. अंतर्गत पुल-अप चालू करणारी एक ओळ घातली, भूत उतरलं. हातातल्या खेळात मला उशीर जाणवत नाही. टीव्ही गेम मोडवर नसेल तर जाणवतो, पण तो दोष खोक्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं: वजन. आतला बोर्ड, पत्रा आणि कॅसेटचा सांगाडा गेल्यावर खोकं पोकळ भोपळ्यासारखं हलकं होतं. एचडीएमआयची जाड वायर त्याला मागे ओढते, खेळणारा माणूस पुढे ओढतो. दुसऱ्याच आठवड्यात ते खाली आलं आणि आतला एक प्लास्टिकचा खांब तडकला. चाळीसेक वर्षांचं प्लास्टिक, स्क्रू जरा जास्त पिळला तरी चरकतं. आता पुढच्या बाजूला, वायफायपासून लांब, एक पोलादी पट्टी स्क्रूने बसवली आहे.

पिवळेपणाबद्दल थोडक्यात. आग रोखण्यासाठी प्लास्टिकमध्ये घातलेल्या ब्रोमीनयुक्त रसायनांकडे याचा दोष दिला जातो. मी वरचं झाकण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं. लेप सारखा बसला नाही, त्यामुळे ढगांसारखे पट्टे उमटले, आणि सहाव्या महिन्यात पिवळी झाक परत डोकावू लागली. पुन्हा करणार नाही. खालचा भाग तसाच पिवळा ठेवला होता, तोच आता जास्त बरा दिसतो.

कॅसेटच्या झडपेमागे मी यूएसबीची दोन तोंडं लपवली आहेत, पेनड्राइव्ह लावायला झकास. फक्त लांब पेनड्राइव्ह लावला की झडप बंद होत नाही, आणि तिची स्प्रिंगही आता थकत चालली आहे. मेलेल्या एनईएसची सुटी झडप कोणाकडे पडून असेल तर सांगा.