मराठी अक्षरांचे घरगुती फासे: स्प्रे, नेलपॉलिश आणि वार्निशचा पावसाळ्यानंतरचा अनुभव

म की भ, घ की ध, हे पटकन कळतं ते शिरोरेषेच्या डाव्या टोकावरून. फाशावर चिकटवलेल्या स्टिकरचं सगळ्यात आधी झिजतं तेही हेच टोक. ते गेलं की शब्द जुळवण्याच्या खेळात भांडणं सुरू. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी हा संच केला, त्यावरून अख्खा पावसाळा आणि गणपती गेले. आता मत द्यायला हरकत नाही.

फासे नेहमीचेच, १६ मिलिमीटरचे कोरे, प्रत्येक बाजूला स्टिकरपुरती खोलगट जागा असलेले. सपाट बाजूंचे घेऊ नका. त्यात स्टिकरची कड दर फेकीला टेबलावर घासते, खोलगट फाशात ती काठाच्या आड राहते. फाशांबद्दल तक्रार नाही. स्टिकर मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटजवळ लेझर प्रिंटरवर छापून घेतले, क्रोमो शीटवर, म्हणजे चकचकीत स्टिकर कागदावर. छपाईही सुरेख.

माझा राग आहे तो छपाई झिजू नये म्हणून वरून द्यायच्या लेपावर.

बरेच जण पारदर्शक नेलपॉलिश सुचवतात. लेझर छपाईवर ते लावू नका. टोनर म्हणजे वितळवून कागदावर बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी, आणि नेलपॉलिशमधली इथाइल आणि ब्यूटाइल ॲसिटेट ही द्रावकं तिला मऊ करतात. ब्रशचा दुसरा हात फिरला की काळं अक्षर ओढलं जातं. घरच्या इंकजेटचं उलट असतं. त्यातली रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणारी, म्हणून ती वॉटर बेस्ड वार्निशखाली पसरते, नेलपॉलिशखाली मात्र बऱ्यापैकी टिकते.

मग साडेतीनशे रुपये घालून ॲक्रिलिकचा क्लिअर स्प्रे आणला. मे महिन्यात छान बसला. वीत-दीड वीत लांबून पातळ हात, मध्ये वाळू द्यायचं. जुलैत मात्रांचे फासे केले, तोच डबा, तीच पद्धत, आणि सगळ्यांवर दुधी साय आली. द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ ओल्या थरावर बसते आणि थर धुरकट होतो. दुकानदार म्हणाला, डबा वापरलात, आता परत नाही. कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, सर, कोरड्या हवेत मारा. मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरडी हवा आणायची कुठून? ही अट डब्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली आहे. मुंबईत विकायच्या मालावर ती पुढच्या बाजूला ठळक छापायला हवी, आणि हे मी त्यांना लेखी कळवलं आहे.

इतपत लिहून थांबलो असतो तर स्प्रेला शून्य दिलं असतं. पण ऑक्टोबरच्या एका तापलेल्या दुपारी, गॅलरीत, त्याच धुरकट फाशांवर आणखी एक पातळ हात मारला आणि साय विरघळून अक्षरं स्वच्छ दिसू लागली. म्हणजे माल वाईट नाही. पॉलिस्टायरिनचे फासे असतील तर मात्र आधी एकाच फाशावर मारून बघा, त्या प्लॅस्टिकला अशा स्प्रेमधली काही द्रावकं खातात.

तरीही स्प्रेने मूळ दुखणं जात नाही, कारण दुखणं आहे कडेला. गणपतीत भावंडं जमली, उकडीचे मोदक खाता खाता डाव रंगला, आणि दोन दिवसांत स्टिकरच्या कडेकडेने तुपाचे पारदर्शक डाग आत सरकले. वरचा थर शाबूत, पण कापलेल्या कडेतून तूप आणि घाम कागदात शिरले. मग कोपरे उचलले, उचललेला कोपरा बोटाला लागला, आणि डाव्या कोपऱ्याबरोबर शिरोरेषेचं टोकही गेलं.

म्हणून अक्षरांचा संच नव्याने केला. कागदाऐवजी पीव्हीसी म्हणजे प्लॅस्टिकचे स्टिकर, आधी मॅट कोल्ड लॅमिनेशन (उष्णता न देता चिकटवलेला पारदर्शक थर), मग हाफ कट (मागचा कागद न कापता फक्त स्टिकर कापणं), कोपरे गोल करून. १२ मिलिमीटरच्या स्टिकरवर अक्षर ८ मिलिमीटरचं ठेवलं, म्हणजे शिरोरेषा कडेपासून चांगली आत राहते. फासे आयसोप्रोपिल अल्कोहोलने झटकन पुसून कोरडे केले, मग स्टिकर लावले. त्यानंतर दादरला चित्रकलेच्या दुकानात मिळालेलं वॉटर बेस्ड पॉलियुरेथेन वार्निश, शून्य नंबरचा ब्रश, आणि फक्त कडेने एक बारीक रेघ. रात्रभर वाळवून दुसरी. अक्षरावर काही लावलंच नाही, लॅमिनेशन पुरतं.

वेळ खातं. एका फाशावरच्या सहा स्टिकरांच्या कडा नीट करायच्या तर घाई चालत नाही, आणि रेघ जाड झाली की वार्निश खोलगट जागेत साचून दुधी दिसतं. पण हा संच मुलं रोज आपटतात, चिकट हातांनी धरतात, आणि म अजून म च आहे.

वार्निशची बाटली इवलीशी आहे, पण एवढ्या फाशांनंतरही निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. संपली की हीच घेईन. स्प्रे पुन्हा घेणार नाही, उरलेला डबा पुढच्या मे महिन्यात संपवेन. मात्रांचे फासे अजून कागदीच आहेत, ते दिवाळीनंतर पीव्हीसीवर छापायला टाकणार आहे.