ट्रॅक डेसाठी मागे तोंड करून लावलेला कॅमेरा: काही महिने वापरल्यावर

ट्रॅक डेला, म्हणजे रेस न लावता आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, कॅमेरा लावायचा म्हणजे पुढे तोंड करून, टाकीवर किंवा काचेमागे, असं सगळे करतात. दिवाळीनंतर मी माझ्या केटीएम आरसी ३९० बाईकला दोन लावले: एक पुढे बघणारा, एक सीटच्या शेपटीवर मागे बघणारा. पावसाळा तोंडावर येईपर्यंत पुढचा कपाटात गेला. मागचा अजून गाडीवर आहे, म्हणून लिहितोय ते त्याच्याबद्दलच.

ट्रॅकवर मागे बघायचं नसतं. आरसे काढलेले किंवा टेप मारलेले, हॉर्नचा प्रश्नच नाही. सिंहगड रोडवर गाडी शिकलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. पुण्यात आपण हॉर्न देऊन, चाक घुसवून जागा मागतो आणि पुढचा कुरकुरत का होईना, सरकतो. ट्रॅकवर पुढच्याने सरकायचं नाही. ‘जा बाबा एकदाचा’ म्हणून बाजूला होणारा माणूसच जास्त घातक, कारण मागच्याने जी जागा हेरलेली असते नेमका तिथेच तो येतो. पुढच्याने आपली लाईन, म्हणजे वळणातून जायची ठरलेली वाट, धरून चालायचं, धक्का न लागता पुढे जाण्याची जबाबदारी पूर्णपणे मागच्याची. नवख्यांच्या ग्रुपला सहसा फक्त सरळ पट्ट्यावर ओव्हरटेक, मधल्यांना वळणावर बाहेरून आणि दोनेक मीटर अंतर ठेवून. आतून घुसणं वरच्या ग्रुपपुरतं, तेही आयोजकांनी मोकळीक दिली तर. पिवळा झेंडा, म्हणजे पुढे धोका असल्याची खूण, असला की कुणालाच नाही.

सकाळच्या ब्रीफिंगला हे सांगतात, सगळे माना डोलावतात आणि तिसऱ्या सेशनला विसरतात.

उन्हाळ्यात दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर, मधल्या ग्रुपमध्ये, एका हेअरपिनला, म्हणजे उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणाला, एक जण आतून आला. त्याचं पुढचं चाक माझ्या फूटपेगला लागलं. तो घसरला, मी खडीत जाऊन पडलो. दोघंही धडधाकट उठलो हे आधी सांगतो. पिटमध्ये आल्याआल्या तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही दार लावलंत.” म्हणजे तो बरोबरीला आलेला असताना मी आडवा येऊन वाट बंद केली. ट्रॅकवरच्या जवळपास प्रत्येक टकरीनंतर हेच वाक्य ऐकू येतं. पुढच्या कॅमेऱ्यात याचं उत्तर नव्हतं. त्यात नुसतं वळण, मग आभाळ, मग खडी. मागच्यात सगळं होतं: आधीच्या फेऱ्यांमध्ये मी त्याच जागी गाडी झुकवत होतो, आणि त्या फेरीला मी झुकायला लागलो तेव्हा तो चांगला चार-पाच गाड्यांच्या लांबीइतका मागे, ब्रेक उशिरा मारून सुसाट येत होता. दार लावलं की नाही हे यावरूनच ठरतं. झुकवायच्या क्षणी त्याचं चाक माझ्या बरोबरीला असतं, तर त्याच्या म्हणण्याला काही अर्थ होता.

आयोजकांच्या माणसाने ते काही सेकंद दोनदा पाहिले आणि त्याला खालच्या ग्रुपमध्ये पाठवलं. माझ्या मते त्याचा दिवसच संपवायला हवा होता.

पैशांचं म्हणाल तर कॅमेऱ्याने एक रुपया मिळवून दिला नाही. सकाळी सही केलेल्या फॉर्मवर स्पष्ट असतं: ज्याचं नुकसान त्याने सोसायचं. विम्याकडून आशा ठेवू नका. आपल्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ‘ही रेस नव्हती हो’ असं म्हणत भांडायची तयारी असेल तर भांडा. फूटपेग आणि ब्रेक पेडल मी नाना पेठेतून स्वतःच्या खिशातून आणलं. चिडचिड झाली. पण चुकणाऱ्याने भरायचं असा नियम केला, तर चाकणला बनलेल्या छोट्या गाडीवरचा पोरगा कुणाच्या पानिगालेला, म्हणजे डुकाटीच्या महागड्या सुपरबाईकला, नुसता घासला तरी त्याचं वर्षभराचं कंबरडं मोडेल, आणि व्हिडिओ खरे असूनही लोक डिलीट करतील. त्यापेक्षा पैसे ज्याचे त्याने भरावेत, पण धडकणाऱ्याने त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर उतरू नये.

रेसमध्ये निदान निवाडा करणारे बसलेले असतात. २०२३ ला बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही बाईकची जागतिक रेस झाली तेव्हा शनिवारच्या स्प्रिंट या छोट्या रेसच्या पहिल्याच वळणावर मरिनी आपल्याच टीमच्या बेझेकीवर जाऊन आदळला. मरिनीच्या गळपट्टीचं हाड मोडलं. बेझेकी शेवटून वर येत पाचवा आला आणि दुसऱ्या दिवशी मुख्य रेस जिंकला. जगातले निवडक रायडर, एकाच टीमचे, तरी हे होतं. आपण तर शनिवार-रविवारवाले.

आता वस्तूबद्दल. वाईड लेन्समध्ये मागची गाडी असते त्याहून लांब दिसते. ‘बघ, केवढं अंतर ठेवलं होतं’ असं दाखवणाऱ्यांचे व्हिडिओ म्हणूनच फसवे. कॅमेऱ्याचा लिनियर मोड, म्हणजे वाईड लेन्सचा फुगवटा काढणारं सेटिंग, लावा, नाहीतर पुरावा उलटा पडतो. सिंगल सिलिंडरची थरथर शेपटीवर जास्त येते, चित्र जेलीसारखं हलतं. माउंटखाली रबराचा तुकडा घातल्यावर बरंच निवळलं. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका, सुटलेला कॅमेरा मागच्याच्या छातीवर जाईल, म्हणून दोरी बांधाच. तपासणीला ती विचारतातही, आणि काही ठिकाणी कॅमेरा लावायला आधी परवानगी लागते. एप्रिल-मेच्या दुपारी पिटमध्ये उन्हात ठेवला की तापून बंद पडतो. ओला नॅपकिन टाकून सावलीत ठेवतो.

घ्यावा का? मधल्या ग्रुपमध्ये असाल तर हो, आणि एकच परवडत असेल तर मागे लावा. नवख्या ग्रुपमध्ये त्या पैशांत चांगले ग्लोव्हज येतील. माझा पुढचा कॅमेरा विकायला काढला आहे, कोथरूडमध्ये येऊन बघता येईल. लेन्सच्या कडेला खडीचा एक ओरखडा आहे, चित्रात येत नाही.