मस्टँगचं डिफरन्शियल पुन्हा धरायला लागलं: कार्बन क्लच प्लेट्सचा संच आणि तो बसवणारं गॅरेज

गाडी २०११ची मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४१२ अश्वशक्ती, सहा गिअर, मॅन्युअल. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या उत्तरेला राहते. ही माझी रोजची गाडी आहे, त्यामुळे ती बर्फातही चालते आणि उन्हाळ्यात वॉटरफर्ड हिल्सच्या ट्रॅकवरही जाते. आधीच्या मालकाने ती भरपूर दामटलेली होती. माझ्याकडे आली तेव्हा मागच्या डिफरन्शियलमधल्या, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटून देणाऱ्या भागातल्या, क्लच प्लेट्स संपलेल्या होत्या. त्याजागी फोर्ड परफॉर्मन्सचा कार्बन प्लेट्सचा संच, एम-४७००-सी, बसवून घेतला. काम केलं आमच्याच भागातल्या एका छोट्या गॅरेजने, जिथे डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स सोडून दुसरं काही उघडत नाहीत. एक अख्खा हिवाळा आणि ट्रॅकचा एक हंगाम काढल्यावर हे लिहिते आहे. संचाबद्दल लिहीन, गॅरेजबद्दलही लिहीन, पण त्याआधी प्लेट्स गेल्यात हे ओळखायचं कसं ते सांगते. बरेच जण प्लेट्स गेल्यावरही महिनोन्महिने तशीच गाडी चालवतात आणि दोष टायरला देतात.

इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर) आमच्या रानात ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात नुसतं फिरायला लागलं की दादा टाचेने डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबतो. दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. रान संपून डांबरी लागली, वळायचं झालं, की पेडल सोडायचं. मस्टँगला असं पेडल नाही. तिथे प्रत्येक साइड गिअरच्या, म्हणजे एकेका चाकाचा अॅक्सल फिरवणाऱ्या गिअरच्या, मागे प्लेट्सची एक चळत असते. एक घर्षणाची प्लेट, एक स्टीलची, पुन्हा एक घर्षणाची. घर्षणाच्या प्लेट्स गिअरबरोबर फिरतात, स्टीलच्या प्लेट्सचे कान डिफरन्शियलच्या केसमध्ये अडकलेले असतात. दोन साइड गिअरच्या मधे इंग्रजी एस अक्षरासारखी वळवलेली जाड स्प्रिंग दोन्ही चळती बाहेर रेटत असते. शिवाय तुम्ही रेस दिली की गिअरचे दातच एकमेकांना दूर ढकलतात आणि चळत आणखी आवळते. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त फिरायला लागलं की प्लेट्स एकमेकींवर घासतात आणि जोर पकड असलेल्या चाकाकडे जातो.

आता घासणं हेच जिचं काम, ती प्लेट झिजणारच. चळत थोडी पातळ झाली की स्प्रिंगला रेटायला काही उरत नाही, आणि खरं दुखणं इथे आहे. कोरड्या रस्त्यावर सरळ जाताना दातांचा रेटा असतो, म्हणून झिजलेलं डिफरन्शियलसुद्धा बरं वाटतं. पण एक चाक बर्फावर असेल तेव्हा त्या चाकाला जोर घ्यायला जमीनच नसते, मग दातांचा रेटाही नसतो. तिथे मदतीला येते ती एकटी स्प्रिंग. ती सैल पडली की तुमची चारशे अश्वशक्ती एका चाकातून बर्फ खणत बसते. माझ्या गाडीचं नेमकं हेच चाललं होतं. ड्राइव्हवेच्या तोंडाशी उजवं चाक बर्फावर, डावं कोरड्या डांबरावर, आणि गाडी जागची हलेना. ट्रॅकवर लक्षण वेगळं. वॉटरफर्डचा ट्रॅक जेमतेम २.४ किलोमीटरचा आणि वळणांनी भरलेला. तिथे स्वॉम्प टर्न नावाच्या वळणातून बाहेर पडताना रेस दिली की आतलं चाक नुसतं फिरायचं, इंजिनचा आवाज वर चढायचा आणि गाडी मात्र पुढे सरकायची नाही.

हे तपासायला काही उघडावं लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर. उचललेल्या चाकाला टॉर्क रेंच, म्हणजे जोराचा आकडा दाखवणारा पाना, लावून ते फिरवायचं आणि हलायला किती जोर लागतो ते बघायचं. या ट्रॅक्शन-लॉकसाठी (फोर्डने या प्लेट्सवाल्या डिफरन्शियलला दिलेलं नाव) तो निदान २७ न्यूटन-मीटर, म्हणजे २० फूट-पाउंड, असायला हवा. माझं चाक १० फूट-पाउंडलाही थांबलं नाही. गॅरेजच्या मालकांनी ही तपासणी माझ्यासमोर केली, रेंच माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुम्हीच फिरवून बघा. सत्तरीचे गृहस्थ, बोलणं मोजकं. पैसे सांगायच्या आधी त्यांनी दुखणं दाखवलं, आणि तिथेच मी काम त्यांना द्यायचं ठरवलं.

उघडताना मला उभं राहू दिलं, हेही सगळीकडे मिळत नाही. मागचं झाकण काढल्यावर तेल परातीत आलं ते करड्या, चमकत्या गाळासारखं. बोटावर चोळलं तर कचकच लागत नव्हती, म्हणजे दात किंवा बेअरिंग गेलेलं नव्हतं. ती प्लेट्सची पूड होती. मग डिफरन्शियलच्या मधली आडवी पिन धरून ठेवणारा बोल्ट. त्याचं डोकं फक्त ८ मिलिमीटरचं असतं आणि या अॅक्सलमध्ये तो तुटतो अशी त्याची ख्याती आहे. मालकांनी त्याला आधी गॅसच्या टॉर्चने शेक दिला, आट्यांवरचा जुना गोंद सैल झाल्यावर पाना लावला आणि तो शांतपणे बाहेर आला. पिन निघाली, दोन्ही अॅक्सल जरा आत ढकलल्यावर त्यांना जागी धरणाऱ्या टोकाच्या सी-क्लिप पडल्या. स्प्रिंग काढताना त्यांनी वर जाडजूड फडकं टाकलं, स्वतः बाजूला सरकले आणि मलाही मागे घेतलं. ती सुटली तर डोळा फोडेल इतक्या जोराने उडते. घरी करणाऱ्यांनी एवढं तरी नक्की पाळावं.

जुन्या प्लेट्स त्यांनी बाकावर क्रमाने मांडल्या. घर्षणाच्या प्लेट्सवरची खाचणी दोन ठिकाणी पूर्ण गुळगुळीत झाली होती. स्टीलच्या प्लेट्सवर निळे-जांभळे डाग होते, म्हणजे त्या लाल होण्याइतक्या नाही तरी चांगल्याच तापलेल्या. एका जागी उभं राहून टायर जाळण्याचे खेळ, दुसरं काय. मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या मापाचे टायर किंवा बराच काळ लहान स्टेपनी लावून फिरलं तरी प्लेट्सची अशीच वाट लागते, कारण मग सरळ रस्त्यावरही दोन चाकांचा वेग जुळत नाही आणि प्लेट्स अखंड घासत राहतात.

आता संचाविषयी. कार्बनच्या या प्लेट्स फोर्डने मस्टँगच्याच जास्त ताकदीच्या शेल्बी जीटी५०० मध्ये वापरल्या. साध्या, कागदासारख्या अस्तराच्या प्लेट्सपेक्षा त्या उष्णता जास्त सोसतात, आणि ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याला पैसे द्यायचे ते याच कारणासाठी. नव्या प्लेट्स कोरड्या बसवायच्या नसतात. मालकांनी त्या आधी फ्रिक्शन मॉडिफायरमध्ये (तेलात मिसळायचं एक द्रव्य, त्याबद्दल खाली) भिजत घातल्या, मग चळत रचली, जाडी मोजली आणि त्याप्रमाणे मागे शिम, म्हणजे जाडी जुळवणारी पातळ चकती, घातली. शिमचा फरक केसाएवढा असतो, पण बसवल्यावर मिळणारा सगळा घट्टपणा त्यावरच ठरतो. स्प्रिंगही नवीन घातली. जुळवून झाल्यावर पुन्हा तोच रेंच लावला. यावेळी चाक ७० फूट-पाउंडच्या पुढे गेल्यावर हललं.

तेलाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. या अॅक्सलला ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक तेल लागतं आणि त्यात ४ औंस, म्हणजे साधारण ११८ मिलिलिटर, फ्रिक्शन मॉडिफायर. हा मॉडिफायर प्लेट्सना एकमेकींवर अडखळत न जाता सलग घसरू देतो. तो नसला की पार्किंगमध्ये वळताना मागून कडकड, घरघर, थरथर. माझ्या ओळखीच्या एकाने झटपट तेल बदलून देणाऱ्या दुकानात तेल बदललं. त्यांनी मॉडिफायर घातलाच नाही. गाडी कुरकुरायला लागल्यावर त्याला अख्खं डिफरन्शियल बदला म्हणून सांगितलं गेलं. एक छोटी बाटली ओतली, रिकाम्या पार्किंगमध्ये आठच्या आकड्यात गाडी फिरवली, आवाज गेला. उलट बाजूही आहे: मॉडिफायर जास्त झाला तर प्लेट्स नको इतक्या घसरतात आणि धरायच्या वेळी धरत नाहीत. आमच्या मालकांची पद्धत मला पटली. आधी थोडा कमी घालायचा, आठचे आकडे मारायचे, थरथर राहिली तरच थोडा वाढवायचा. माझ्या गाडीला शेवटी पूर्ण ४ औंस लागले.

फरक किती पडला? ड्राइव्हवेच्या तोंडाशी आता गाडी एक क्षण थबकते आणि निघते. ट्रॅकवर वळणाच्या मध्यापासूनच रेस देता येते. मागची दोन्ही चाकं मिळून गाडी ढकलतात आणि ती रेषेवर राहते. मला याचा झालेला आनंद मी लपवणार नाही. ही गाडी अशी असायला हवी होती.

काही गोष्टी मात्र स्वीकाराव्या लागतात. कडाक्याच्या थंडीत पहिली काही मिनिटं घट्ट वळणावर मागून हलकी कुरकुर जाणवते. तेल गरम झालं की थांबते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डिफरन्शियल धरतं म्हणजे बर्फावर जास्त रेस दिली तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचं बूड उताराच्या बाजूला सरकतं. आधी निदान एक चाक गाडीला धरून ठेवत होतं. त्यामुळे चांगले हिवाळी टायर आणि हलका पाय, याला पर्याय नाही.

‘प्लेट्सचा नाद सोडा, टॉर्सन घाला’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. टॉर्सन हे दुसऱ्या प्रकारचं डिफरन्शियल, आणि उत्तम वस्तू आहे. फोर्डने मस्टँगच्या बॉस ३०२ लगुना सेका या ट्रॅकसाठीच्या मॉडेलला तेच दिलं होतं. त्यात गिअरच गिअर, झिजायला प्लेट्स नाहीत. पण एका चाकाची पकड जवळजवळ शून्य झाली की टॉर्सनजवळ वाढवायला काही नसतं, कारण ते कमी पकडीच्या चाकावरच्या जोराच्या काही पटच दुसरीकडे देऊ शकतं. शून्याची कितीही पट शून्यच. फक्त कोरड्या ट्रॅकसाठी गाडी ठेवली असेल तर टॉर्सन घ्या. आमच्यासारखे चार-पाच महिने बर्फ बघणारे लोक प्लेट्स आणि स्प्रिंगवरच सुखी राहतात, आणि खर्चही बराच कमी. मला संच, तेल आणि मजुरी मिळून सातशे डॉलरच्या आसपास आले. त्यात मोठा वाटा मजुरीचा.

पहिलं तेल मी साधारण ५०० मैलांवर बदलून घेतलं. गडद निघालं, पण गाळ नव्हता. आता ट्रॅकचा हंगाम संपला की दरवर्षी बदलणार, आणि त्याच वेळी रेंच लावून आकडा लिहून ठेवणार. भारतात २०१६ पासून विकल्या गेलेल्या मस्टँगला मागे माझ्या गाडीसारखा अखंड अॅक्सल नाही, स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तेव्हा हाच संच तिला बसेल असं धरून मागवू नका. चाक उचलून जोर मोजायची रीत मात्र तिथेही उपयोगी पडेल.

गॅरेजला पैकीच्या पैकी गुण. वेळ सांगितल्यापेक्षा एक दिवस जास्त लागला, तोही शिम पुन्हा मोजायची होती म्हणून. संचही मी निःशंकपणे सुचवते, पण मागवण्याआधी एक गोष्ट उघडून बघून घ्या: केसमध्ये ज्या खाचांत स्टीलच्या प्लेट्सचे कान बसतात, तिथे नख अडकेल असे खड्डे पडले असतील तर नव्या प्लेट्स सरकताना तिथेच अडकतील. तसं असेल तर आधी केसचा खर्च धरा, मग प्लेट्सचा.