आत्याचं ओमेगा: नऊ महिने वापरल्यानंतर

आत्याचं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा त्याच्याबरोबर घरच्यांची तीन ठाम विधानंही आली. एक, ते सोन्याचं आहे. दोन, महायुद्धाच्या काळातलं आहे. तीन, आत्याने ते कधी एकदाही दुरुस्तीला दिलं नाही, इतकं दणकट. नऊ महिने रोज मनगटावर बांधून झाल्यावर लिहिते आहे. तिन्ही विधानं चुकीची निघाली आणि तरी घड्याळ कपाटात परत जायचं नाव घेत नाही.

तबकडीवर ओमेगा या स्विस कंपनीचं नाव लिहिलंय म्हणजे ओळख पटली, असं मलाही वाटलं होतं. पण जुन्या घड्याळात तबकडीवर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा. ती पुसून पुन्हा रंगवता येते, दुसऱ्या घड्याळाची काढून बसवता येते. खरी माहिती मागच्या झाकणाच्या आत असते. माझं झाकण दाबून बसवलेलं आहे. अशा झाकणाच्या कडेला नख अडकेल एवढी फट असते, तिथून ते उचकटायचं. मी भाजीच्या सुरीने प्रयत्न केला, सुरी सटकली आणि झाकणावर लांब ओरखडा उठला. इतक्या वर्षांत आत्याच्या हातून जे झालं नाही ते मी दहा मिनिटांत करून दाखवलं. पुढचं काम मुकाट्याने जाणत्या माणसाकडे दिलं.

झाकण उघडल्यावर त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. आतली मशीन तांब्यासारखी लालसर. जुन्या ओमेगाची ही झळाळी पाहिली की फोटो कितीही पाहिलेले असोत, जीव क्षणभर थांबतो. पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कोरलेला कॅलिबर (मशीनच्या मॉडेलचा) क्रमांक २६६, सतरा ज्वेल्स (चाकांच्या टोकांशी बसवलेले खडे), आणि १४ ने सुरू होणारा आठ आकडी अनुक्रमांक. ओमेगाचे अनुक्रमांक आणि वर्षं यांचे जे तक्ते प्रचलित आहेत, त्यांवरून हे घड्याळ १९५०च्या दशकाच्या मध्यातलं ठरतं. म्हणजे महायुद्ध संपून बरीच वर्षं झाली होती. एक घोळ मी आधी केला होता, तो सांगते. झाकणाच्या आत आणखी एक, छोटा आकडा असतो. तो केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, मॉडेलचा. तोच अनुक्रमांक समजून शोधत बसलात तर भलतंच वर्ष हाती लागतं.

ही मशीन ओमेगाच्या ३० मिलिमीटर व्यासाच्या मशीन्सच्या घराण्यातली. १९३९ साली सुरू झालेलं हे घराणं १९६०च्या दशकात थांबलं, आणि तोवर अशी लाखो मशीन्स बनली होती. मला याचा सरळ फायदा झाला, कारण सुटे भाग अजून सापडतात.

सोन्याचं प्रकरण तर झाकणावरच लिहिलेलं होतं, फक्त फ्रेंचमध्ये. ‘फाँ आसिए इनॉक्सिदाब्ल’, म्हणजे तळ स्टेनलेस स्टीलचा. तळ स्टीलचा असं मुद्दाम लिहिलेलं असेल तर बाकीची केस स्टीलची नाही, असा अर्थ घ्यायचा. केसवर ‘प्लाके ऑर’ आणि २० मायक्रॉन. सोन्याचा मुलामा, जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पट्टा जिथे अडकतो त्या कोपऱ्यांवर तो झिजून खालचं पितळ दिसतं. घरी हे सांगितल्यावर काकांनी माझ्याशी दोन दिवस नीट बोलणं टाकलं.

तबकडी मात्र अस्सल निघाली. कशावरून? भिंगाखाली अक्षरांच्या कडा सरळ आहेत, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी बरोब्बर जुळतात, आणि सहाच्या खाली ‘स्विस मेड’ अखंड आहे. पुन्हा रंगवलेल्या तबकडीत नेमकी हीच जागा फसते: अक्षरं जाड होतात, रेघ किंचित सरकते, तळाची ओळ गायब होते. काच ॲक्रिलिकची, आणि तिच्या मध्यावर आतून टाचणीच्या टोकाएवढं ओमेगाचं चिन्ह आहे. ते दिसायला मला भिंग, दिवा आणि पाऊण तास लागला. चावी, म्हणजे बाजूची फिरवायची गुंडी, मात्र नंतर कधीतरी बदललेली आहे, कोरी, चिन्हाशिवाय. असू दे.

आता रेडियम. आपल्याकडे अंधारात चमकेल त्या प्रत्येक गोष्टीला रेडियम म्हणायची सवय आहे, त्यामुळे आत्या ‘माझं रेडियमचं घड्याळ’ म्हणायची तेव्हा कुणी कान टवकारले नाहीत. ती नर्स होती, रात्रपाळीत तिला अंधारात वेळ दिसावी लागे. पण हे खरोखरच रेडियम आहे. त्या काळी आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियम मिसळलेला रंग भरत. पुढे ट्रिटियम आलं, ते असलं की सहाजवळ ‘टी’ अक्षर छापत. माझ्या तबकडीवर ते नाही. ठिपके आता गडद तपकिरी झालेत आणि अंधारात मुळीच चमकत नाहीत. यावरून ‘संपलं’ असं समजू नये. चमकणारी पूड जळून जाते, रेडियमला निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायच्या आणि त्यापायी त्यांच्या जबड्यांची हाडं गेली. बंद काचेमागे हातावर घालायला मी घाबरत नाही, पण काच स्वतः काढणं, ठिपके खरवडणं, झडलेली पूड फुंकणं हे कुणीही करू नये. उशाशीही ठेवत नाही. दुरुस्तीला देताना पहिलं वाक्य हेच बोलते.

दुरुस्तीचं म्हणाल तर पहिल्या ठिकाणाहून मी उठून आले. त्यांनी घड्याळ उलटसुलट करून दोनच गोष्टी सुचवल्या: तबकडी नवी रंगवून देतो, केस पॉलिश करून चकाचक करतो. मशीनबद्दल चकार शब्द नाही. वीस मायक्रॉनच्या मुलाम्यावर बफ फिरवला तर शिल्लक काय राहणार? दुसऱ्या ठिकाणी मात्र त्यांनी घड्याळ आधी टायमिंगच्या यंत्रावर ठेवलं. बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाचा, झोका जेमतेम १९० अंश. निरोगी घड्याळात तबकडी वर ठेवून तो पावणेतीनशेच्या आसपास हवा. तेल वाळून चिकट झालं होतं, मेनस्प्रिंग, म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, थकली होती. सगळं सुटं करून धुतलं, नवं तेल, नवी मेनस्प्रिंग, आणि झोका २८० वर आला. ‘जास्त चावी दिली म्हणून अडकलं’ असं लोक म्हणतात ना, ते बहुतेक वेळा हेच असतं. पूर्ण चावी भरलेलं घड्याळ मळामुळे अडतं आणि दोष चावी देणाऱ्या हातावर येतो.

रोजच्या वापराबद्दल. सकाळी चहा उकळेपर्यंत हातातून काढून चावी देते, मनगटावर असताना देत नाही, कारण चावीच्या दांडीवर तिरका जोर येतो. बोटाला स्पष्ट अडथळा लागला की थांबायचं. एकदा भरलं की दीड दिवसाच्या आसपास चालतं. सेकंदाला पाच ठोके. मोबाईलवर ठोके ऐकून चाल मोजणारं ॲप आहे, पहिल्या महिन्यात मी त्याच्या इतकी नादी लागले की घरात पंखा बंद करायला लावायची. मग एक गोष्ट ध्यानात आली. रात्री तबकडी वर करून ठेवलं तर घड्याळ काही सेकंद पुढे जातं, चावी खाली करून उभं ठेवलं तर काही सेकंद मागे पडतं. दिवसा जेवढं पुढे पळालं असेल तेवढं रात्री कुशीवर झोपवून मागे आणायचं. आठवड्याला फरक अर्ध्या मिनिटाच्या आत राहतो. सत्तरीच्या घड्याळाकडून याहून जास्त अपेक्षा करणं अन्याय आहे.

चौथ्या महिन्यात ते अचानक दिवसाला बारा मिनिटं पुढे पळायला लागलं. माझ्या पोटात गोळा. कुठे आपटलं नव्हतं, ओलं झालं नव्हतं. मग मोबाईलमधलं होकायंत्र उघडून घड्याळ जवळ नेलं तर सुई हलली. टॅबलेटच्या कव्हरमध्ये चुंबक असतात आणि मी रोज रात्री घड्याळ त्या कव्हरवर ठेवत होते! चुंबकत्व शिरलं की हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकींना चिकटतात, स्प्रिंग आखूड पडते आणि घड्याळ सुसाट सुटतं. चुंबकत्व काढायचं यंत्र असतं, त्यावर काही सेकंदांचं काम. आता घड्याळाला लाकडी डबी आहे आणि ती स्पीकर, लॅपटॉप, पर्सचं झाकण या सगळ्यांपासून लांब असते.

पाणी मात्र वर्ज्य. भांडी घासताना, पावसात, हात धुतानासुद्धा मी ते काढते. नवखे लोक हसतात. हसू देत. पट्टा १८ मिलिमीटरचा लागला, घामाने आतून काळा पडला म्हणून सहा महिन्यांत बदलला. काचेवरचे बारीक चरे ॲक्रिलिक पॉलिशने पाच मिनिटांत गेले. केसला हात लावला नाही.

तिसऱ्या विधानाचं राहिलं. झाकण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला, सुईने खरवडल्यासारख्या बारीक ओळी दिसल्या: ४.६१, ९.६८, २.७९, आणि प्रत्येकीपुढे एकेक खूण. दुरुस्ती करणारे पूर्वी आपल्या कामाची अशी नोंद ठेवत. आत्या घरात कुणाला न सांगता घड्याळ देऊन आणत होती. काकांना विचारलं तर ते म्हणाले, शक्यच नाही, तिच्या हातातून ते घड्याळ उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

या वेळी काम संपल्यावर दुरुस्तीवाल्यांनी विचारलं, हल्ली आम्ही झाकणावर कोरत नाही, कार्डावर लिहून देतो, चालेल ना? मी म्हटलं, त्या तीन ओळींखाली जागा आहे, तिथेच लिहा. त्यांनी भिंग लावलं, सुई घेतली आणि महिना-वर्ष कोरलं, आधीच्यांपेक्षा थोडं वाकडं.